माझे फ्रेंचचे धडे
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



माझी थोरली मुलगी फ्रान्समध्ये लियों शहरी नांदते. तिच्या सासूबाईंना फ्रेंचखेरीज दुसरी भाषा येत नाही. विहिणीशी सुखदुःखाचे चार शब्द बोलायला दर वेळी लेकीला मध्ये घालायचे, हे मनाला पटेना. म्हणून सातवी शिकलेली मी फ्रेंच शिकू लागले.

माझ्या शिक्षिकाबाई फार सबुरीच्या. शब्द अडला की म्हणतात, 'दूसमाँ', म्हणजे सावकाश! कपाळाला कधी आठी नाही. पहिला महिनाभर त्यांनी वही उघडू दिली नाही. नुसते ऐकायचे आणि म्हणायचे. कारण फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची पुष्कळ अक्षरे लिहितात, पण उच्चारत नाहीत. आपले पॅरिस म्हणजे त्यांचे 'पारी'.

त्यांनी माझी भीती घालवली ती आपल्याच मराठीच्या आधाराने. आपले 'तू' आणि 'तुम्ही', तसे त्यांचे 'त्यु' आणि 'वू'. विहिणीला अर्थातच 'वू'! 'बोंझूर'मधला नाकातला उच्चार कोकणातल्या माणसाला सहज जमावा. ऐंशीला ते 'चार विसा' म्हणतात. माझी आजीही तसेच मोजत असे.

आता दर रविवारी फोनवर आम्ही विहिणी एकमेकींची प्रकृती विचारतो, काय रांधले ते सांगतो. वाक्ये लहान असतात, पण ती आमची असतात.

भगिनींनो, तुमची लेक किंवा सून परभाषेच्या घरातली असेल, तर त्या घरची भाषा थोडी तरी शिका. शिकवणारी सबुरीची मिळाली, तर वय आड येत नाही. एवढे बोलून आपली रजा घेते.