मुरुमे, मलम आणि धीर



आमच्या वालावल गावात लक्ष्मीनारायणाचे देऊळ आहे आणि देवळाला लागूनच मोठे तळे आहे. घरचे लग्नकार्य उरकले की सगळ्यांनी त्या तळ्याच्या काठी उभे राहून एक फोटो काढायचा, अशी आमच्या घरची पद्धत. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात असेच एक लग्न झाले. त्या फोटोत माझी पुतणी पहिल्या रांगेत हसत उभी आहे. चेहरा कसा नितळ! पण तो फोटो आता ती कोणाला दाखवू देत नाही. का, तेच आज सांगावयाचे आहे.

विषय तसा लहान, तोंडावरच्या मुरुमांचा. कोणी त्यांना तारुण्यपीटिका म्हणतो, कोणी नुसत्या पुटकुळ्या. बारा ते चोवीस वर्षांच्या वयात दर शंभर मुलामुलींमध्ये सुमारे ८५ जणांना त्या कमीअधिक प्रमाणात होतात. इतक्या सर्वांना होणारी गोष्ट म्हणून आपण ती हसण्यावारी नेतो. मीही नेली होती. महाविद्यालयात शिकवत असताना मागच्या बाकावर मान खाली घालून बसणाऱ्या एका मुलाला मी भर वर्गात म्हटले होते, "अरे, आरशात कमी बघ आणि पुस्तकात जास्त बघ!" वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी त्याला पुढे बोलावले तर हळूच म्हणाला, "सर, माका फुडे बसूचा नाय." पुढे तो तासालाच येईनासा झाला. माझ्या विनोदाची किंमत त्याने मोजली, हे मला फार उशिरा कळले. घरात पुतणीचे प्रकरण घडले तेव्हा.

आता मी काही वैद्यकीचा माणूस नव्हे, कलाशाखेचा अध्यापक. परंतु पुतणीला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे चारपाच खेपा झाल्या, तेव्हा त्यांना विचारून आणि त्यांनी सांगितलेले वाचून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

मुरूम होतो कसा? आपल्या कातडीत केसाच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना शरीरातील अंतःस्रावांमुळे त्या जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी केसाच्या नळीच्या आतल्या पेशी गळून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि नळीच्या तोंडाशी बूच बसते. पन्हळीत पानांचा लगदा अडकला की पाणी मागे तुंबते, तसे तेल आत तुंबते. त्या तेलावर एक जातीचे जंतू वाढतात, सूज येते, पू होतो. बुचाचा जो काळा ठिपका दिसतो तो मळ नव्हे. त्वचेतील रंगद्रव्यामुळे व हवेच्या संपर्काने तो काळा दिसतो. म्हणून साबणाने दिवसातून सहा वेळा तोंड खरवडून मुरुमे जात नाहीत. उलट कातडी दुखावते.

आमच्या घरी दोष आंब्याच्या माथी आला होता. "आंबे खाव नको म्हटलंय, तां कोण आयकतां?" असे आईचे म्हणणे. आंब्याने मुरुमे येतात याला भक्कम पुरावा नाही. गोडधोड व दूध यांचा काही संबंध संशोधकांना आढळला आहे, पण तो सर्वांच्या बाबतीत सारखा नाही. डोक्याला चोपडलेले खोबरेल कपाळावर उतरते, त्याने मात्र कपाळावरच्या पुटकुळ्या वाढू शकतात. तेव्हा केसांना तेल लावा; पण ते कपाळाला लागू देऊ नका, एवढे आईला पटवावे लागले.

आता औषधाकडे येऊ. त्याचा धागा आपल्या ओळखीच्या एका गोष्टीशी जुळतो. मालवणच्या किनाऱ्यावर मोरी हा मासा सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातून कॉड माशाचे तेल येणे थांबले, तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मोरीच्या जातीच्या माशांच्या यकृतापासून तेल काढण्यात आले. ते कशासाठी? तर त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असते, आणि त्याच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो. याच जीवनसत्त्वाच्या अभावी कातडीही कोरडी, खरखरीत होते. त्यावरून वैद्यांच्या मनात आले की कातडीच्या पेशींची वाढ आणि गळती यांच्याशी अ जीवनसत्त्वाचा संबंध असावा. पोटातून भरमसाट अ जीवनसत्त्व देऊन पाहिले, पण ते शरीराला, विशेषतः यकृताला बाधते. मग त्याच कुळातील एक आम्ल कातडीवर लावून पाहण्यात आले. १९६९ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील क्लिग्मन आणि त्यांचे सहकारी फुल्टन व प्लेविग यांनी मुरुमांवर त्याचा गुण येतो हे प्रसिद्ध केले. १९७१ साली तिकडे ते औषध म्हणून मंजूर झाले. त्याचे नाव ट्रेटिनॉइन. पुढे १९९६ साली त्याच कामाचे, पण कातडीला जरा सौम्य असे अॅडापलीन आले. या सर्वांना मिळून रेटिनॉइड म्हणतात.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. क्लिग्मन यांनी आपले पुष्कळसे प्रयोग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या कातडीवर केले. १९५१ ते १९७४ पर्यंत तेथे हे चालले होते. थोड्या पैशांच्या मोबदल्यात, पुरती कल्पना न देता माणसे वापरली गेली. २०२२ साली त्या शहराने याबद्दल जाहीर माफी मागितली. आपल्या हातातल्या लहानशा नळीमागे कोणाकोणाचे भोग आहेत, हे लक्षात असावे. म्हणजे ती निष्काळजीपणे वापरण्याचे धाडस होणार नाही.

हे मलम करते काय? ते तयार पुटकुळी सुकवीत नाही. केसाच्या नळीतील पेशी सुट्या करून ते बूच बसूच देत नाही. म्हणजे आजच्या मुरुमापेक्षा पुढच्या महिन्यात येणाऱ्या मुरुमावर त्याचा रोख. एवढे एक समजले की वापरण्याची सगळी रीत आपोआप समजते.

म्हणून ते एकेका फोडावर टिकली लावल्यासारखे लावायचे नाही, तर जेथे मुरुमे येतात त्या सगळ्या भागावर पातळ लावायचे. किती? सगळ्या चेहऱ्याला मिळून एका वाटाण्याएवढे. आपल्या काळ्या वाटाण्याची उसळ डोळ्यांसमोर आणा. सुका नव्हे, भिजवलेला दाणा. जास्त लावल्याने गुण लवकर येत नाही, आग मात्र होते. वेळ रात्रीची. सौम्य साबणाने तोंड धुवावे, टिपून कोरडे करावे, वीसेक मिनिटे थांबावे आणि मग लावावे. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे व ओठ वगळावेत. पहिले दोनतीन आठवडे एक रात्र सोडून एक रात्र लावावे. सोसले तर रोज. बरोबर तेलकट नसलेले, कातडी मऊ राखणारे साधे मलमही असू द्यावे. दिवसा उन्हापासून जपावे, टोपी घालावी, छत्री घ्यावी, आणि जमल्यास ऊन अडवणारे मलम लावावे. आपल्या सावळ्या कातडीला याचे महत्त्व अधिक, कारण आग झाली की तिच्यावर काळे डाग राहतात आणि ते जायला महिने लागतात. म्हणून डॉक्टर बहुधा कमी शक्तीच्या मलमापासून सुरुवात करतात.

आता पुतणीची हकिगत. लग्नापूर्वी दोन महिने तिने कोणाच्या तरी सांगण्यावरून बाजारातून एक नळी आणली. चिठ्ठी कोणी मागितली नाही. आठ दिवसांत चेहरा उजळला, मुरुमे बसली. घरात सगळे खूश, मीसुद्धा. लग्नातला तो नितळ चेहरा त्या नळीचा होता. मिरगाचा पाऊस लागला, नळी संपली, आणि चारच दिवसांत तोंड लालबुंद झाले. खाज, आग, बारीक पुवाचे फोड. पुन्हा नळी आणली की बरे, थांबवली की दुप्पट. मुलगी खोलीचे दार लावून बसू लागली.

त्वचारोगतज्ज्ञांनी ती नळी हातात घेतली आणि मला म्हणाले, "सर, हे वाचा." मी वाचले. तीन नावे होती. एक ट्रेटिनॉइन, म्हणजे आपले चांगले औषध. दुसरे हायड्रोक्विनोन, रंग उतरवणारे. तिसरे मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. असे मिश्रण काळ्या डागांच्या विशिष्ट विकारासाठी, थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचे असते. मुरुमांसाठी नव्हे आणि गोरे होण्यासाठी तर नव्हेच. स्टेरॉइड सूज दाबते म्हणून आठवड्यात जादू दिसते. पण महिनोनमहिने लावले तर कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे अधिकच उसळतात आणि सोडू म्हटले तर सोडवत नाही.

ही एकट्या आमच्या घरची कथा नाही. २०११ साली आपल्या देशातील बारा वैद्यकीय केंद्रांतील पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइडचे मलम लावत होते. त्यांतील पुष्कळांनी ते गोरेपणासाठी किंवा मुरुमांसाठी लावले होते. २०१८ साली सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे, परंतु नळीवरची नावे वाचण्याचे काम आपलेच आहे. तेव्हा मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ती नळी आपल्या मनाने तोंडाला लावू नये. जे आधीच लावत असतील त्यांनी डॉक्टरांना दाखवावे. ती कशी सोडायची हे तेच सांगतील.

पुतणीची कातडी शांत व्हायला दसरा उजाडला. मग डॉक्टरांनी नुसते अॅडापलीन लिहून दिले आणि बजावले, "बारा आठवडे माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं नाही, आग फार झाली तरच या." पहिल्या तीन आठवड्यांत कातडी कोरडी पडली, सोलली आणि आधी होती त्यापेक्षा थोडी जास्त मुरुमे दिसू लागली. हे पुष्कळांच्या बाबतीत होते. आणि नेमके येथेच बहुतेक जण मलम टाकून देतात. दिवाळीत ती म्हणाली, "काका, हेही तसलंच निघालं!" मी तिला कॅलेंडरवर सुरुवातीचा दिवस दाखवला आणि संक्रांतीवर खूण केली. तोवर बोलायचे नाही असा करार केला. डिसेंबरात नवी मुरुमे कमी झाली. संक्रांतीला तिळगूळ द्यायला ती घरोघर गेली. काळे डाग होते, पण फोड नव्हते. डाग पुढे शिमग्यापर्यंत विरत गेले. मलम मात्र अजून चालू आहे, कारण थांबवले की बुचे पुन्हा बसू लागतात.

काही पथ्ये स्पष्ट सांगतो. गरोदर स्त्रीने, किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तिने, ही मलमे लावू नयेत. तसे डॉक्टरांना आधी सांगावे. याच कुळातील पोटात घ्यायची आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी आहे. ती गर्भाला फार घातक आहे. तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय ती घेऊ नये. मासळीच्या तेलाच्या गोळ्या गिळून मुरुमे जात नाहीत. मुरुमे फोडू नयेत, त्यांवर लिंबू चोळू नये, दात घासायची पेस्ट लावू नये. आणि मोठाल्या गाठी, खड्डे पडू लागले तर वाट पाहू नये. डाग जातात, पण खड्डे राहतात. कुडाळसारख्या तालुक्याच्या गावी किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन वेळेवर दाखवावे.

शेवटी माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्यापुढच्या बाकांवर दरसाल ही मुले येतात. त्यांच्या तोंडाकडे पाहून कोणी विनोद केला तर तो तेथेच थांबवा. निदान आपण करू नका. एखादा मुलगा मागे मागे सरकू लागला, एखादी मुलगी ओढणी तोंडावर घेऊ लागली, तर बाजूला बोलावून दोन गोष्टी सांगा. एक, हा तुझा दोष नव्हे. दुसरी, यावर औषध आहे, पण त्याला तीन महिने लागतात. आठ दिवसांत बरे करतो म्हणणारी नळी घरी आणू नकोस. विज्ञानाच्या तासाला औषधाच्या वेष्टनावरची नावे वाचायला शिकवलीत तर फारच उत्तम.

माझ्या त्या विद्यार्थ्याची मी मध्यंतरी गाठ घेतली. तो आता कुडाळच्या बाजारात काम करतो. मी त्याची क्षमा मागितली. तो हसला, म्हणाला, "सर, ता कधीचा इसारलंय." पण बोलताना त्याचा हात गालावरच्या खड्ड्याकडे गेला, तो मी पाहिला.