झडपेची शस्त्रक्रिया आणि घरची शुश्रूषा

हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया होऊन रोगी घरीं आला, कीं आप्तेष्टांचा एकच उपदेश सुरू होतो : ‘आतां हलूं नका, स्वस्थ पडून राहा.’ या उपदेशांत माया पुष्कळ असते. परंतु रोग्याचें हित त्यांत कितपत असतें, हें पाहणें अवश्य आहे.

१९२५ सालीं लंडनमध्यें हेन्री सौटर या शस्त्रवैद्यानें एका तरुण मुलीच्या हृदयांत बोट घालून आकसलेली झडप मोकळी केली. १९६० सालीं अमेरिकेंत अल्बर्ट स्टार यांनीं, लोवेल एडवर्ड्स या इंजिनियराच्या साहाय्यानें घडविलेली कृत्रिम झडप रोग्याच्या हृदयांत बसविली. १९९० सालीं तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनें भारतांत तयार केलेली झडपही वापरांत आली. शास्त्राची प्रगति अशी मोठी आहे. परंतु शस्त्रवैद्याचें काम संपलें, म्हणजे रोग्याचें व घरच्यांचें काम सुरू होतें.

छातीचें हाड कापून शस्त्रक्रिया केली असेल, तर तें सांधण्यास साधारणतः सहा ते बारा आठवडे लागतात. तोंवर पाण्याची बादली उचलणें किंवा जड दार ओढणें वर्ज्य होय. पण याचा अर्थ अंथरुणाला खिळून राहावें, असा नव्हे. निजून राहिल्यानें फुफ्फुसांत कफ साठतो, पायांत रक्ताच्या गांठी होण्याचें भय वाढतें आणि स्नायु दुर्बळ होतात. म्हणूनच बहुधा दुसऱ्याच दिवशीं रोग्यास खुर्चीवर बसवितात व लवकरच चार पावलें चालवितात. खोकतांना उशी छातीशीं धरावी. वेदना मुकाट्यानें सोसण्यांत शौर्य नाहीं. दुखतें म्हणून दीर्घ श्वास टाळला, तर फुफ्फुसेंच बिघडतात.

धातूची झडप असल्यास रक्त गोठूं न देणारें औषध जन्मभर घ्यावें लागतें आणि रक्ताची तपासणी वेळोवेळीं करावी लागते. मेथी, पालक वर्ज्य नाहींत. मात्र त्यांचें प्रमाण रोजचें एकसारखें असावें. डॉक्टरांस विचारल्यावांचून काढे अथवा दुखणें थांबविणाऱ्या गोळ्या देऊं नयेत. दांत काढण्यापूर्वीं झडपेची हकीकत दंतवैद्यास अवश्य सांगावी. हिरड्यांतील जंतु रक्तांतून झडपेवर ठाण मांडूं शकतात.

ताप, थंडी, वाढता दम, पायांवर सूज, एकाएकीं वाढलेलें वजन किंवा जखमेंतून पू यांपैकीं कांहींही दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. पुष्कळदां रोगी उदास होतो, विनाकारण रडतो. अशा वेळीं त्यास हिणवूं नये. संध्याकाळीं हात धरून अंगणांत फिरवून आणावें. प्रकृतीस उतार पडण्यास ही सोबत फार साहाय्यकारी होते.