कोण कशाला लागते

नागपुरात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात घटकाभर कान उघडे ठेवले, तर एकच क्रियापद किती कामांना जुंपले आहे ते कळते. "वांगे कसे लावले?" "किती लागन?" "सुट्टे लागतात, भाऊ." तेवढ्यात कुणाच्या पायाला दगड लागतो, कुणाला घरी जायची घाई लागते, आणि ही बाई त्या दुकानदाराची कोण लागते याचीही चौकशी होऊन जाते. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली, तेव्हा तिच्यातली सर्वांत लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. मराठीत अशा मानाचा दावा 'लागणे' या क्रियापदाला सहज करता येईल. पण अर्थांची नुसती मोजदाद करून हाती फारसे लागत नाही. हे सगळे अर्थ एका जागी का नांदतात, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या मते मूळ अर्थ एकच, टेकणे किंवा चिकटणे. संस्कृत 'लग्' धातूपासून 'लग्न' म्हणजे चिकटलेले, त्याचे प्राकृतात 'लग्ग' झाले आणि तिथून आपले 'लागणे' आले. ('लग्न लागले' म्हणताना आपण एकच धातू दोनदा वापरतो, आणि त्यात कुणालाच पुनरुक्ती जाणवत नाही.) भात बुडाशी लागतो, दार चौकटीला लागते, ही अगदी उघड उदाहरणे झाली. खरी गंमत आहे ती कोण कुणाला येऊन टेकते यात. 'मी कामाला लागलो' म्हटले की माणूस कामापाशी गेला. 'मला नोकरी लागली' म्हटले की नोकरी माणसापाशी आली. 'मी जाऊ लागलो' यात आरंभ आहे, तर 'मला जावे लागले' यात सक्ती. व्याकरणकार त्यांचे दोन वेगळे प्रयोग सांगतील आणि ते बरोबरच आहे. पण 'मी'चा 'मला' होताच जाणारा माणूस बाजूला होतो आणि जाणे त्याच्या अंगाला येऊन चिकटते, एवढे दोघांच्या तुलनेतून दिसते. भूक, तहान, ठेच, वेड, नजर या सगळ्या गोष्टी मराठी माणसाला 'लागतात'. आपण होऊन तो त्या करत नाही. नागपूरच्या मे महिन्यात ऊनही लागते, म्हणजे ते अंगावर पडून थांबत नाही, माणसाला आजारी पाडते.

इतके अर्थ एका शब्दात कोंबल्यावर घोटाळा होणारच, असा आक्षेप कुणी घेईल. गणेशपेठच्या बसस्थानकावर जाऊन पाहावे. 'चंद्रपूरची गाडी लागली' म्हणजे ती फलाटाला येऊन उभी राहिली. 'मला गाडी लागते' म्हणजे प्रवासात पोट ढवळते. त्या एका 'मला'मुळे ऐकणारा कधी गोंधळत नाही. पहिल्याला सामान उचलून द्यावे आणि दुसऱ्याला खिडकीची जागा, हे तो बरोबर ओळखतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एकच मूळ धरले की सगळेच त्यात ओढूनताणून बसवता येते. खरे आहे. परीक्षेचा निकाल लागतो तेव्हा तो कशाला जाऊन टेकतो, हे मला समाधानकारक सांगता येणार नाही, आणि सांगण्याचा अट्टहासही करू नये. रोजच्या वापरात काही प्रयोग मूळ विसरून स्वतंत्रपणे नांदू लागतात. पण चार प्रयोग निसटले म्हणून उरलेल्यांची सोयरीक खोटी ठरत नाही.

तिसरी तक्रार खास आपल्या शहराबद्दल असते. इथे 'बाजार भरतो' याऐवजी 'बाजार लागतो' असे कानी पडते, आणि ही हिंदीची नक्कल म्हणून शुद्धतेचे कैवारी नाक मुरडतात. हिंदीच्या सहवासाचा परिणाम त्यात आहे, हे कशाला नाकारायचे? मात्र हिंदीचे 'लगना' आणि आपले 'लागणे' हे त्याच प्राकृत घरातले भाऊबंद आहेत, आणि नागपुरी प्रयोगाने मूळ अर्थाची मर्यादा कुठेही ओलांडलेली नाही. ताडपत्री अंथरून भाजीचे ढीग लावले की बाजार जमिनीला टेकला. उलट दोन्ही शब्द हाताशी असल्यामुळे नागपूरकराला एक भेद बोलून दाखवता येतो, जो एकाच शब्दावर भागवणाऱ्याला साधत नाही: बुधवारी बाजार दुपारीच लागतो, पण भरतो तो दिवेलागणीला.