मोटरसायकलचा रेडिएटर आणि वाटेवरचा खडा



ज्या व्यासपीठावरून आपण इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय यांवरील व्याख्याने ऐकता, तेथे मोटरसायकलच्या रेडिएटरचे रक्षण हा विषय जाहीर झालेला पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. परंतु या मांडवाबाहेर ज्या दुचाकी उभ्या आहेत, त्यांत चार-दोन तरी अशा असतील की, ज्यांच्या पुढच्या चाकामागे रेडिएटर आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी अशा गाडीवरून घाट चढून जात असेल, तर हा विषय आपल्याला परका नाही.

प्रथम रेडिएटर हवा कशाला, ते पाहू. इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा आतील वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते. त्या उष्णतेपैकी पाव ते तिसरा हिस्सा चाक फिरवण्याच्या कामी येतो; बाकीची बाहेर टाकावी लागते. आपल्याकडच्या जुन्या बुलेट, जावा, राजदूत या गाड्यांत हे काम वाहता वारा करी. इंग्लंडात मात्र आल्फ्रेड स्कॉट याच्या मोटरसायकलीत १९०८ सालापासूनच इंजिनाभोवती पाणी खेळवण्याची युक्ती होती. आपल्या रस्त्यांवर ही पद्धत रुळली ती अलीकडे. २००८ साली यामाहाची आर-१५ आली, आणि २०१२ साली पुण्याजवळच्या चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होणारी ड्यूक २०० आली. अशा गाड्यांत पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण, ज्याला सर्वजण कूलंट म्हणतात, इंजिनातील उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येते. तेथे ते ॲल्युमिनियमच्या चपट्या, पातळ नळ्यांतून फिरते. नळ्यांच्या मधल्या जागेत कागदासारखी पातळ पाती बसवलेली असतात. मेकॅनिक मंडळी त्यांना फिन म्हणतात. वारा त्या पात्यांतून जातो आणि कूलंट निवते.

आता अडचण लक्षात येईल. नळी जाड केली तर उष्णता लवकर बाहेर पडत नाही, म्हणून ती पातळच ठेवावी लागते. वारा मिळावा म्हणून रेडिएटर पुढे, चाकाच्या मागे बसवावा लागतो. आणि ज्याचे तोंड वाऱ्याकडे, त्याचे तोंड खड्याकडेही असायचेच! दहा ग्रॅमचा, म्हणजे लहान सुपारीएवढा खडा घ्या. गाडी ताशी ऐंशी किलोमीटर वेगात असताना तो रेडिएटरवर आदळला, तर त्याचा तडाखा पाव किलोचे वजन एक मीटर उंचीवरून सोडल्याइतका बसतो. शिवाय सगळा भार एका टोकदार कोपऱ्यावर. वेग निम्मा केला तर तडाखा निम्मा होत नाही, चौथाई होतो. ते वजन वीतभर उंचीवरून पडावे तसा.

हे गणित आम्ही आधी शिकलो नाही, अनुभव घेतल्यावर शिकलो. २०२३ सालच्या डिसेंबरात आम्ही महाडहून वरंधा घाटाने भोरकडे येत होतो. एके ठिकाणी डागडुजीची खडी रस्त्यावर सुटी पसरलेली होती आणि पुढे एक ट्रक होता. लवकर पुढे निघावे या घाईने आम्ही त्याच्या अगदी पाठीशी लागलो. कुठेतरी ‘टक्’ असा आवाज झाला. त्याकडे आम्ही लक्ष दिले नाही. दोन वळणांनंतर गोडसर, गरम वास येऊ लागला, आणि मागचे चाक किंचित घसरल्यासारखे वाटले. थांबून पाहतो तो रेडिएटरमधून बारीक धार लागलेली, आणि वाऱ्याने मागे उडून तेच कूलंट मागच्या टायरवर पडलेले. डाव्या हाताला दरी होती. इंजिनाच्या खर्चाचा विचार आमच्या मनात नंतर आला. त्या क्षणी पाय लटपटत होते.

गाडी टेम्पोत घालून भोरला आणली. नवा रेडिएटर बसला. पण खरी सांगण्यासारखी गोष्ट पुढची आहे. एकदा पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो, तसे आम्ही केले. एकही खडा आत जाऊ नये म्हणून खिडकीला लावतात ती डासांची जाळी आणून रेडिएटरवर घट्ट आवळली. थंडीत काही जाणवले नाही. एप्रिलमध्ये भर दुपारी गावातल्या गर्दीत अडकलो, तेव्हा मागचा पंखा सारखा घरघरत होता आणि तापमानाचा लाल दिवा लागला. मेकॅनिकने जाळी सोडवून आमच्या हातात दिली. तिच्यात धूळ, किडे आणि चिखल यांचा थर बसला होता. “काका, दगडापासून वाचवलंत, पण गाडीचा श्वास कोंडलात,” एवढेच तो म्हणाला.

श्रोतेहो, त्याच्या या एका वाक्यात आजच्या व्याख्यानाचे सार आहे. ज्याचे रक्षण करायचे त्याचे काम बंद पडणार असेल, तर ते रक्षण नव्हे. मग जाळी कशी असावी? एक मिलिमीटर जाडीच्या तारेची आणि पाच मिलिमीटर फटीची जाळी घेतली, तर शंभरापैकी सुमारे एकोणसत्तर भाग मोकळा राहतो. फट दहा मिलिमीटरची केली, तर त्र्याऐंशी. कोणी विचारील, मग बारीक खडे आत जातील त्याचे काय? जाऊ द्यावेत. पाच मिलिमीटरच्या खड्याचे वजन त्या सुपारीएवढ्या खड्याच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाइतके असते. तो फार तर एखादे पाते वाकवील. नळी फोडतो तो मोठा खडा. तेवढा अडवला म्हणजे झाले. सगळेच अडवू पाहणाऱ्याच्या हाती तापलेले इंजिन येते.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जाळी रेडिएटरला टेकवू नये. मध्ये बोटभर अंतर असावे, म्हणजे ती आत दबली तरी पात्यांना लागत नाही. तिचे स्क्रू ढिले राहिले तर हादऱ्याने जाळीच रेडिएटर घासून टाकते. पुढचे मडगार्ड आखूड असेल, तर त्याला खालून जोडपट्टी लावावी. आपल्याच चाकाने उडवलेला बराचसा खडा आणि चिखल तेथेच थांबतो, आणि वाऱ्याला फारशी अडचण होत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा जाळी काढून साध्या नळाच्या पाण्याने धुवावी. धुलाई केंद्रातील जोराचा फवारा पात्यांवर मारू नये, कारण ती त्यानेच आडवी होतात.

एवढे करूनही गळती झाली तर गाडी ताबडतोब थांबवून इंजिन बंद करावे. तापमानाच्या काट्यावर विसंबू नये. कूलंट निघून गेल्यावर तो खरे सांगेलच असे नाही. रेडिएटरचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये, कारण आतील द्रव दाबाखाली असतो आणि उसळून तोंडावर येतो. सांडलेले कूलंट पाण्याने धुऊन आणि माती टाकून झाकावे. ते चवीला गोड असते आणि विषारीही. वाटेवरचे कुत्रे, मांजर ते चाटून मरते.

शेवटी एक गोष्ट. जाळी हा आपल्यापुरता उपाय झाला. खडी भरलेल्या ट्रकवर ताडपत्री बांधणे आणि डागडुजीनंतर सुटी खडी झाडून घेणे, हा सर्वांचा उपाय. पहिला आपल्या हाती आहे म्हणून तो आज करावा. दुसरा मागून घ्यावा लागतो, म्हणून तो मागत राहावे. आणि हे दोन्ही होईपर्यंत, पुढच्या ट्रकपासून थोडे मागे राहावे. त्याला पैसा लागत नाही. त्या दिवशी घाटात आम्ही तेवढे केले असते, तर हे व्याख्यान देण्याची वेळ आमच्यावर आली नसती.