परक्या नगरींतील पहिले दिवस
(आनंदीबाई जोशी, फिलाडेल्फिया, १८८३)

परदेशीं शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याचे पहिले अनुभव म्हणजे उंच इमारती, रुंद रस्ते आणि बर्फ यांचें वर्णन, अशी आपल्याकडे पुष्कळ दिवसांची समजूत आहे. परंतु पाहुणा म्हणून नगर पाहणें वेगळें आणि विद्यार्थी म्हणून तेथें राहणें वेगळें. पाहुण्याला नगराचा दर्शनी भाग दिसतो. विद्यार्थ्याला त्याची भाड्याची खोली, तींतील शेगडी आणि तेथील ताट दिसतें. पाहुण्याला आश्चर्य पुरतें. विद्यार्थ्याला मात्र रोज कांहींना कांहीं ठरवावें लागतें. या दृष्टीनें आनंदीबाई जोशी यांच्या अमेरिकेंतील आरंभीच्या दिवसांकडे पाहिलें, तर पुष्कळ शिकण्यासारखें आहे.

७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाईंनीं कलकत्ता सोडलें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. पति गोपाळराव टपाल खात्यांत नोकरीस होते. ते मागेंच राहिले. निघण्यापूर्वीं फेब्रुवारी महिन्यांत श्रीरामपूर येथील महाविद्यालयांत भरलेल्या सभेंत आनंदीबाईंनीं आपल्या जाण्याचा हेतु सांगितला होता. हिंदुस्थानांत स्त्री-वैद्यांची अत्यंत उणीव आहे आणि ती भरून काढावयाची, हा तो हेतु. त्यांचें स्वतःचें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें होतें. त्यामुळें या वाक्यामागें पुस्तकी ज्ञान नव्हतें. त्याच सभेंत त्यांनीं आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली. आपण हिंदु म्हणून जाऊं आणि परत येऊन हिंदु म्हणूनच राहूं. सभेंत उच्चारलेलें हें वचन एका क्षणाचें होतें. परक्या नगरींत तें रोज सकाळीं उठून पाळावयाचें होतें.

४ जून १८८३ रोजीं त्या न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या. तेथें त्यांना उतरून घेण्यास कार्पेंटरबाई आल्या होत्या. या दोघींची ओळख कशी जुळली, ती हकीगत मोठी मौजेची आहे. पत्नीच्या शिक्षणाविषयीं गोपाळरावांनीं एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र त्या मिशनऱ्यानें आपल्या मासिकांत छापलें. तें मासिक एका दंतवैद्याच्या बैठकीच्या खोलींत कार्पेंटरबाईंच्या हातीं पडलें, आणि ज्या मुलीला त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें तिला त्यांनीं आपण होऊन पत्र लिहिलें. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. न्यूजर्सी संस्थानांतील रोझेल या लहानशा गांवीं या मावशीच्या घरीं त्यांचा पहिला उन्हाळा गेला. म्हणजे अमेरिकेनें त्यांना प्रथम दाखविलें तें नगर नव्हे, तर घर. ही गोष्ट किती भाग्याची होती, हें पुढें हिवाळ्यांत कळावयाचें होतें.

त्या वर्षाच्या शरद ऋतूंत आनंदीबाई फिलाडेल्फियास आल्या. विल्यम पेन यानें १६८२ सालीं वसविलेलें हें नगर. त्याचे रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ काटकोनांत आंखलेले, आणि अनेकांना अक्रोड, देवदार अशा झाडांचीं नांवें. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ सालीं येथेंच संमत झाला. १८८० च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या ८,४७,१७० भरली. १८८१ सालीं मुंबईची ७,७३,१९६ होती. तेव्हां मुंबई व कलकत्ता पाहिलेल्या स्त्रीला नगराच्या विस्तारानें दिपून जाण्याचें कारण नव्हतें. नवें होतें तें निराळेंच. येथें मुलींना वैद्यक शिकविणारें एक स्वतंत्र महाविद्यालय होतें, आणि त्याच्या प्राचार्या रेचेल बॉडले या स्वतः एक स्त्री होत्या.

हें महाविद्यालय १८५० सालीं स्थापन झालें. स्त्री-पुरुषांस समान मानणाऱ्या क्वेकर पंथाच्या लोकांनीं त्यास मोठा आधार दिला. तथापि त्या नगरींतही ही वाट सुखाची नव्हती. १८६९ सालीं या विद्यार्थिनी एका मोठ्या रुग्णालयांत प्रात्यक्षिक पाहण्यास गेल्या असतां पुरुष विद्यार्थ्यांनीं त्यांची हुर्यो केली आणि रस्त्यापर्यंत त्यांचा पिच्छा पुरविला. आनंदीबाई तेथें पोंचल्या तेव्हां या प्रसंगास जेमतेम चौदा वर्षें लोटलीं होतीं. बंगालमध्यें पतीबरोबर पायीं फिरावयास निघालें कीं लोकांचे टोमणे ऐकावयाचे, हा अनुभव त्यांना होताच. स्त्रीनें नवी वाट धरली म्हणजे हंसणारे लोक सर्वत्र असतात. भेद इतकाच कीं, फिलाडेल्फियांतील स्त्रिया त्या हंसण्यास पुरून उरल्या होत्या.

आतां खोलीकडे वळूं. आनंदीबाईंच्या खोलींतील शेगडी नीट पेटत नसे. विस्तव करावा तर धुरानें जीव गुदमरावा, न करावा तर थंडीनें हातपाय गारठावे, या दोहोंतून एक पतकरणें भाग होतें. जेथें जानेवारींत पाणी गोठतें अशा ठिकाणीं ही निवड क्षुल्लक नव्हे. त्यांत प्रकृति मुळांत नाजूक. श्रीरामपुरासही त्या वारंवार आजारी पडत. शाकाहार सोडावयाचा नाहीं, म्हणजे तेथील ताटांतील बहुतेक पदार्थ वर्ज्य. आणि दिवसभर व्याख्यानें व शवच्छेदन आटोपल्यावर चार जिन्नस शिजविण्यास वेळ कोठून असणार?

वस्त्राचा प्रश्न याहून बिकट होता. महाराष्ट्रीय पद्धतीच्या नऊवारी लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्या हवेंत तें सोयीचें. हिमवर्षावांत तें आजाराला आमंत्रण, आणि तेथील समाजांत पाय उघडे ठेवणें असभ्य. परकर-झगा घालावा तर दिलेला शब्द मोडतो. आनंदीबाईंनीं यांतून जी वाट काढली ती त्यांच्या बुद्धीची साक्ष देते. त्या गुजराती पद्धतीनें साडी नेसूं लागल्या. घोट्यापर्यंत अंग झांकलें गेलें, आंतून ऊबदार कपडे घालतां आले, आणि वेष हिंदुस्थानचाच राहिला. परंतु एवढ्याही बदलाचा खुलासा त्यांना पतीस पत्रानें करावा लागला. पत्रास उत्तर येण्यास कित्येक आठवडे लागत, आणि ज्या गोपाळरावांनीं हट्टानें त्यांना शिकविलें, त्यांच्याच पत्रांतून कधीं कधीं संशयाचे बोचक शब्द येत. थंडी खोलींत होती, तशी टपालांतही होती.

येथें एक विचार मनांत येतो. परक्या देशीं गेलेला विद्यार्थी दोन प्रकारें बुडतो. एक तर सर्वस्व टाकून देऊन तो नगराचा होतो, नाहीं तर मुठी आवळून नगराला जवळच येऊं देत नाहीं. आनंदीबाईंनीं कशास घट्ट धरावयाचें आणि कोठें नमतें घ्यावयाचें, याचा निवाडा रोज स्वतः केला. वस्त्राची नेसण बदलली, वेष बदलला नाहीं; परकी बाई मावशी झाली, पण धर्म बदलला नाहीं. या निवाड्याची किंमत मात्र त्यांच्या शरीरानें दिली.

११ मार्च १८८६ रोजीं त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्री-विभाग त्यांची वाट पाहत होता. पण क्षयानें ग्रासलेलें शरीर घेऊन त्या परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं होण्यापूर्वीं, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविण्यांत आली. मावशीच्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत, न्यूयॉर्क संस्थानांतील पुकीप्सी येथें, ती विसावली आहे.

१० ऑक्टोबर १८८५ या दिवशीं काढलेलें एक छायाचित्र फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहांत जपून ठेवलेलें आहे. त्यांत जपानची केइ ओकामी, सिरियाची साबात इस्लामबूली आणि आनंदीबाई अशा तिघी आपापल्या देशाच्या वेषांत आहेत. आनंदीबाई साडी नेसलेल्या आहेत. पाहणाऱ्यास तें केवळ एक सुंदर वस्त्र वाटेल. त्या नेसणींत एका अठरा वर्षांच्या मुलीनें धूर आणि थंडी यांच्यामध्यें बसून केलेला विचार आहे, हें ज्याला ठाऊक असेल त्याला तें छायाचित्र अधिक वेळ पाहावेंसें वाटेल. आज परदेशीं निघणाऱ्या मुलामुलींच्या सामानांत ऊबदार कपडे असतात, खोलींत ऊब असते आणि घरच्यांचा आवाज क्षणांत कानीं येतो. तथापि काय सोडावें आणि काय राखावें, हा प्रश्न मात्र त्यांच्या सामानाबरोबर अजूनही जातो, आणि त्याचें उत्तर प्रत्येकाला त्या परक्या खोलींतच शोधावें लागतें.