लहान घरांतील नादाची मांडणी

मुंबईंतील जुन्या चाळींत दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी एकादी खोली असते. बैठकीची तीच, निजण्याची तीच आणि मुलांच्या अभ्यासाचीहि तीच. अशा खोलींत गृहस्थ मोठ्या हौसेनें स्टिरिओचा संच आणतो. एका स्पीकरला कपाटाच्या माथ्यावर जागा मिळते, दुसऱ्याला दाराआडच्या कोपऱ्यांत. मग गवयाचा आवाज कपाटावरून उतरतो, डग्गा कोपऱ्यांत घुमत राहतो आणि तंबोरा कोठें आहे तें समजतच नाहीं. शब्द स्पष्ट व्हावेत म्हणून आवाज चढविला जातो आणि पलीकडचा शेजारी भिंतीवर थाप मारतो. दोष यंत्रावर येतो व अधिक किंमतीच्या यंत्राचा शोध सुरू होतो. वास्तविक हा दोष बहुधा मांडणीचा असतो. आणि मांडणी सुधारण्यास पैसा नव्हे, मोजपट्टी लागते.

मनुष्य दोन कानांनीं ऐकतो. उजवीकडून निघालेला नाद उजव्या कानाला किंचित् आधीं व किंचित् मोठा असा पोंचतो. हा वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी असतो. तरी तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवितो. कानांच्या याच शक्तीचा उपयोग करून ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालीं स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या पेटंटासाठीं अर्ज केला. पुढें १९५८ च्या सुमारास अशा तबकड्या बाजारांत येऊं लागल्या. दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेंत गायक बसला आहे, त्याच्या एका बाजूस तबला व दुसऱ्या बाजूस संवादिनी आहे, असा भास उत्पन्न करणें हें स्टिरिओचें सारें कौशल्य. परंतु हा भास दोन्ही बाजूंच्या सारखेपणावर उभा असतो. एक स्पीकर जवळ व दुसरा दूर झाला कीं तो मोडला.

म्हणून पहिला नियम त्रिकोणाचा. दहा फुटांच्या भिंतीपुढें दोन्ही स्पीकर एकमेकांपासून सहा फुटांवर ठेवावे; म्हणजे दोहों बाजूंच्या भिंती दोन दोन फूट दूर राहतात. मागच्या भिंतीपासून शक्य तर दीड फूट अंतर सोडावें. ऐकणारानें दोहोंपासून सारख्याच अंतरावर, सहा-सात फुटांवर बसावें. त्याच्या पाठीमागें सुमारें चार फूट जागा मोकळी राहते, तीहि उपयोगाची आहे. बारीक स्वर काढणारा लहान पडदा बसलेल्या मनुष्याच्या कानाच्या उंचीला यावा आणि स्पीकरांचीं तोंडें ऐकणाराकडे थोडीं वळवावीं.

दुसरा विचार भिंतींचा. स्पीकरांतून निघालेला नाद सरळ कानाशीं येतो, तसाच भिंतीवर आपटून क्षणभर मागाहूनहि येतो; आणि ही मागाहून आलेली प्रत मूळ नादाची रेखीवता पुसट करते. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहांत हा दोष इतका वाढला होता कीं, उच्चारलेला शब्द साडेपांच सेकंद घुमत राही. १८९५ पासून वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकानें रात्रींच्या शांततेंत शेजारच्या नाट्यगृहांतील गाद्या तेथें वाहून आणल्या आणि किती गाद्यांनीं घुमणें किती कमी होतें तें मोजलें. मराठी घरांत गाद्यांची व गोधड्यांची वाण नाहीं. त्या कोठें लावाव्या हें आरशानें कळतें. ऐकणारानें आपल्या जागीं बसावें आणि दुसऱ्यानें हातांतील आरसा बाजूच्या भिंतीवरून सरकवीत न्यावा. आरशांत जेथें स्पीकर दिसेल तेथूनच नाद उलटून येतो. तेथें गोधडी टांगावी, जाड पडदा सोडावा, नाहीं तर पुस्तकांचें फडताळ ठेवावें. पुस्तकांच्या कमीअधिक खोलीनें नाद विखुरतो. स्पीकर व बैठक यांमधील उघड्या फरशीवर सतरंजी अंथरावी.

तिसरी अडचण खालच्या स्वरांची. लहान खोलींत तीच सर्वांत कठीण. बारा फुटांची खोली सेकंदाला सुमारें ४७ कंपनांच्या नादाला आणि दहा फुटांची रुंदी सुमारें ५६ कंपनांच्या नादाला आपण होऊन साथ देते. हे नाद भिंतींजवळ फुगतात, कोपऱ्यांत तर फारच; खोलीच्या अगदीं मध्यावर मात्र ते विरून जातात. यासाठीं स्पीकर कोपऱ्यांत ठेवूं नये आणि बैठकहि भिंतीला चिकटवूं नये. घुमार उरलाच तर बैठक वीतभर पुढें-मागें सरकवून पाहावी. एवढ्या हालचालीनेंहि डग्ग्याचा स्वभाव पालटतो.

मांडणी जमली कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे. निवेदकाचा एकटा आवाज लावावा. तो दोहोंच्या मधोमध, जणूं हवेंतून, आला पाहिजे. तो पसरट वाटला व खालचे स्वर क्षीण झाले तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या आहेत असें समजावें. तांबडें टोक तांबड्याला व काळें काळ्याला जोडलें कीं आवाज जागेवर येतो.

या खटाटोपाचें मोल केवळ रसिकाच्या सुखापुरतें नाहीं. चाळींत भिंत एक असते आणि कुटुंबें दोन. बारीक स्वर भिंत अडविते, घुमार मात्र तिच्यांतून व फरशींतून पलीकडे जातो. पलीकडे कोणी आजारी असतें, कोणाची दुसऱ्या दिवशीं परीक्षा असते. भारतांत २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांनीं निवासी भागासाठीं रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. परंतु शेजारधर्म या आंकड्याहून जुना आहे. म्हणून स्पीकर सामाईक भिंतीला टेकवूं नयेत, त्यांखालीं रबराच्या जाड चकत्या घालाव्या. आणि मुख्य गोष्ट ही कीं, मांडणी चांगली असली म्हणजे हलक्या आवाजांतहि शब्द स्पष्ट कळतो, तंबोरा आपल्या ठिकाणीं ऐकूं येतो आणि चढविण्याची गरजच उरत नाहीं. दहा फुटांच्या खोलींत मग गायकालाहि जागा मिळते आणि भिंतीपलीकडच्या झोंपेलाहि.