खाडीकाठचे नवे नेतृत्व

महसुली दप्तरात ‘मौजे बोनकोडे, तालुका ठाणे’ अशी ज्याची नोंद, ते गाव आज नवी मुंबईतील कोपरखैरण्याच्या वस्तीत मिसळून गेले आहे. १९७० साली हे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना होऊन ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन आरंभले गेले, तेव्हा भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर पोसलेल्या आगरी-कोळी रयतेच्या पुढाऱ्यांपुढे प्रश्न जमिनीच्या मोबदल्याचा होता. आणि जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरातील गोळीबारात पाच जणांचे प्राण गेल्यानंतरच संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व सरकारदरबारी रुजले.

त्या पुढाऱ्यांच्या नातवंडांपुढील प्रश्नाला मात्र सातबाराचा उतारा पुरत नाही. तापणारे वातावरण आणि चढणारा समुद्र ही जगाची चिंता खाडीकाठी उधाणाच्या भरतीतून प्रकट होते. त्यात अतिवृष्टीची गाठ पडली, म्हणजे भराव घालून उभारलेल्या या नगरातील पाण्याला वाट कोठून द्यावी, हा पेच उभा राहतो. त्या पाण्याचा वेग सोसणारे खारफुटीचे रान कोणत्याही भिंतीहून मोलाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१५ मध्ये ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, ही आशेची बाब. पण शहरातील पाण्याचा जाब महापालिकेतच विचारावा लागतो; तिच्या उमेदवारीस एकविसावे वर्ष पुरते आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. तेव्हा नालेसफाईचा अंदाजपत्रकीय तपशील आणि भरतीचे वेळापत्रक शेजारी ठेवून सभागृहात जाब विचारण्याचा अधिकार बोनकोड्याच्या लेकीसही आहे.